धर्माच्या गाईचे दात

दोन वर्षांपूर्वी दिवाळी संपून पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा मला सांगलीहून एक मेसेज आला.

"नमस्कार सर. तुमचा लाइटहाउसचा रिव्ह्यू वाचून सेट घेतला. एकदम छान आहे. एकच विचारायचं होतं. आमच्याकडे सगळ्यात वरचा, दिव्याचा मजला डुगडुगतो. दोनदा सोडवून परत लावला. पुस्तिकेप्रमाणेच केलंय, तरी माझं कुठे चुकतंय ते कळत नाही. तुमचा नीट बसला होता का?"

तो सेट तेव्हाही माझ्या टेबलावर उभा होता. मेसेज वाचता वाचता मी हात लांब करून दिव्याच्या मजल्याला बोट लावलं. मजला हलला. तो हलतो हे मला रिव्ह्यू लिहितानाच माहीत होतं. इतकंच काय, मी ते लिहिलंही होतं. अकराव्या परिच्छेदात: 'वरचा मजला थोडा नाजूक आहे, पण एकदा शोकेसमध्ये ठेवल्यावर तसा प्रश्न येत नाही.'

या वाक्यात खोटं काहीच नाही. मजला नाजूक होता. शोकेसमध्ये त्याला कोणी हात लावणार नव्हतं. असं लिही म्हणून मला कोणी पैसे दिले नव्हते, की फोन केला नव्हता. तरीही सांगलीतला एक माणूस दोन रविवार स्वतःची चूक शोधत बसला होता, आणि चूक त्याची नव्हती. ते दोन रविवार कोणाच्या खात्यावर लिहायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. तीच पुढे लेगो कंपनी. आज आपण जो ठोकळा ओळखतो, डोक्यावर गोल बटणं आणि पोटात नळ्या असलेला, त्याचं पेटंट त्याच्या मुलाने, गॉटफ्रेडने, २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केलं. सगळी करामत त्या पोटातल्या नळ्यांची आहे. त्यांच्यामुळे ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात आणि तरी लहान मुलाच्या हातांनी सुटतात. या पकडीला छंदातली मंडळी 'क्लच' म्हणतात. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. ही मापं इतकी काटेकोर पाळली जातात की १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात, असं गणितही होऊन गेलंय.

पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे आता असे ठोकळे करणाऱ्या इतरही बऱ्याच कंपन्या आहेत. माझ्या टेबलावरचं लाइटहाउस कोणाचं होतं याला इथे महत्त्व नाही. महत्त्वाचं हे की हे आता फक्त पोरांचं खेळणं राहिलेलं नाही. २०२० पासून लेगोने मोठ्यांसाठीच्या सेटांच्या खोक्यांवर सरळ '१८+' छापायला सुरुवात केली. दिवसभर स्क्रीनकडे बघून आलेली माझ्यासारखी माणसं रात्री जेवण झाल्यावर एक पिशवी फोडतात आणि तासभर हातांनी काहीतरी करतात.

आणि मग नवा सेट आला की रिव्ह्यू येतात. रिव्ह्यूचा साचा ठरलेला असतो. ठोकळे किती, किंमत किती, दर ठोकळ्यामागे किती पडले, माणसांच्या बाहुल्या किती, नक्षी छापलेली आहे की स्टिकर लावायचे आहेत, एखादा नवा भाग किंवा नवा रंग आहे का. बांधताना कसं वाटलं, हे शेवटी.

आम्ही मोजता येण्यासारखं आधी लिहितो, कारण ते लिहिताना चुकायची भीती नसते. पण मोजलेलंही फसवू शकतं. लेगोने २०२१ साली जगाच्या नकाशाचा एक सेट काढला. भिंतीवर लावायचा, ११,६९५ भागांचा. अमेरिकेत किंमत अडीचशे डॉलर. म्हणजे दर भागामागे साधारण दोन सेंट. या छंदात दहा सेंट हा ढोबळ 'बरा दर' मानतात, त्या हिशोबाने हा सेट म्हणजे लूटच. पण त्यातले बहुतेक भाग एका बटणाएवढे गोल ठिपके आहेत, आणि बांधणं म्हणजे पुस्तिकेत बघून ठिपक्याशेजारी ठिपका लावत जाणं. काहींना ते जपमाळेसारखं शांत वाटतं, काहींचा जीव मेटाकुटीला येतो. 'दोन सेंट' हा आकडा मात्र दोघांसाठी तितकाच खरा. आकडा खरा असला तरी तो वाचणाऱ्याच्या डोक्यात जे चित्र उभं करतो ते खरं असेलच असं नाही.

माझ्या लाइटहाउसबाबत नेमकं हेच झालं. फरक इतकाच की मी आकड्याऐवजी शब्द वापरले.

मी नोकरीत रोज दुसऱ्यांचा कोड तपासतो. कोड रिव्ह्यूमध्ये शेरे देण्याची एक रीत असते. किरकोळ गोष्ट असेल, म्हणजे नाव बरं नाही, एक ओळ रिकामी सोडा, तर शेऱ्याआधी 'निट' लिहायचं. म्हणजे केलंत तर बरं, नाही केलंत तरी चालेल. आणि ज्याने सिस्टिम पडेल अशी गोष्ट असेल तर 'ब्लॉकर'. हे निस्तरल्याशिवाय कोड पुढे जाणार नाही. आता समजा मला एक ब्लॉकर दिसला, पण कोड सिनिअरचा आहे, शुक्रवारची संध्याकाळ आहे, आणि मी तोच शेरा 'निट' म्हणून टाकला. शेऱ्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे. सोमवारी सिस्टिम पडली तर मी स्क्रीनशॉट दाखवून म्हणू शकतो, बघा, मी सांगितलं होतं. आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला हुशार म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

लाइटहाउसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय लिहिलं होतं? 'हँडल फिरवा, दिवा फिरेल.' हँडल फिरवलं की दिवा फिरायचा, आणि दिव्याबरोबर मजलाही. आतली गोल जिन्याची खोली दिसावी म्हणून तो मजला उचलता येईल असा केला होता, त्यामुळे तो फक्त चार बटणांवर टेकलेला. वर दिव्याचं आणि गिअरांचं वजन. दहा-बारा वेळा फिरवलं की बटणांची पकड सुटायची. ज्या गोष्टीसाठी माणूस हा सेट घेणार तीच गोष्ट धड चालत नव्हती. हा ब्लॉकर होता. मी त्याला 'निट' लावलं.

युधिष्ठिर 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला तेव्हा त्याचंही वाक्य खरंच होतं. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. 'हत्ती' एवढा शब्द तो हळू आवाजात बोलला, आणि जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. लेखात आवाज कमी करायला बटण नसतं. परिच्छेदांचा क्रम असतो. माझा अकरावा परिच्छेद म्हणजे माझा हळू आवाज.

पण मी आवाज का कमी केला? सरळ उत्तर असं की तो सेट मला फुकट मिळाला होता.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. दान मिळालेल्या गाईचं वय बघत बसणं वाईट दिसतं. घ्यावी आणि आशीर्वाद द्यावा. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची गंमत अशी की त्याला गाय दिली जाते तीच दात मोजण्यासाठी. आणि तो जे मोजेल त्यावर विसंबून दुसरं कोणीतरी तीच गाय पूर्ण पैसे मोजून विकत घेणार असतं. म्हणजे जिथे दात न मोजणं ही सभ्यता आहे तिथे, दात मोजणं हेच ज्याचं काम अशा माणसाला आपण बसवलेलं आहे.

यावर नियम आहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी नियमावली काढली. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना दिल्या. वस्तू फुकट मिळाली असेल तर तसं ठळकपणे सांगायचं. मी सांगतो. पहिल्याच ओळीत: 'हा सेट रिव्ह्यूसाठी मोफत मिळाला आहे. मतं माझी स्वतःची आहेत.' नियम चांगलाच आहे आणि तो हवाच. पण ती ओळ लिहून झाल्यावर मला नेहमी एक हलकेपणा जाणवतो, आणि त्या हलकेपणाचाच मला संशय येतो. जणू मी एक ओझं उचलून वाचकाच्या खांद्यावर ठेवलं. मी सांगितलं, आता सावध राहणं तुमचं काम.

शिवाय, ती ओळ भलत्याच गोष्टीबद्दल हमी देते. लोकांना वाटतं फुकट सेट मिळाला की माणूस उपकाराखाली दबतो. मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. पाठवणाऱ्याबद्दल मला कृतज्ञता वगैरे काही वाटत नव्हती. कुरिअरवाल्याने फोन केला, खोका घेतला, झालं. मग पुढचा सेट मिळणार नाही ही भीती? थोडी होती, नाकारत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट मला फार उशिरा दिसली. फुकट मिळालेल्या सेटची किंमत मला दुखत नव्हती.

माझा पहिला मोठा सेट मी पहिल्या पगारातून घेतला होता. साडेचार हजारांचा. रोज रात्री एकच पिशवी फोडायचो, लवकर संपू नये म्हणून. एक स्टिकर तिरका लागला तर तासभर चरफडलो होतो. एका जागी दोन ठोकळ्यांच्या लाल रंगात किंचित फरक होता, तो मला खोलीच्या दारातून दिसायचा. लाइटहाउस मी दोन रात्रींत बांधलं, एक डोळा कॅमेऱ्यावर आणि एक घड्याळावर ठेवून. मजला हलला तेव्हा मला राग आला नाही. माझं काहीच गेलं नव्हतं. रिव्ह्यूत मी 'किंमत थोडी जास्त वाटते' असं लिहिलं खरं, पण 'वाटते' हे क्रियापद तिथे नुसतं शोभेला होतं. मला काहीही वाटलं नव्हतं.

आणि आपल्याकडे किंमत ही काही छोटी बाब नाही. परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. डॉलरमधला जो दर वाचून अमेरिकेतला माणूस 'चला, घेऊ' म्हणतो, तो इथे येईपर्यंत वेगळाच झालेला असतो. सांगलीच्या सरांचं लाइटहाउस २३ हजारांना पडलं होतं.

तर मग विकत घेणाऱ्यांनीच रिव्ह्यू लिहावेत का? मला काही दिवस तसं वाटलं. नंतर मी विकत घेऊन लिहिलेले माझेच जुने रिव्ह्यू काढून वाचले, आणि त्यांतही खोट निघाली. आपला तो बाब्या! पैसे मोजले की वस्तू चांगली असावीच लागते, नाहीतर आपण मूर्ख ठरतो. साडेचार हजारांच्या त्या सेटमधला रंगातला फरक मला दारातून दिसायचा, पण रिव्ह्यूत मी लिहिलं होतं की असा फरक हा 'या छंदाचा भाग' आहे. फुकट घेणारा किंमत विसरतो आणि विकत घेणारा दोष विसरतो. निर्मळ जागा कुठेच नाही. तेव्हा 'फुकट घेऊ नये' एवढ्या एका नियमाने हा प्रश्न सुटत नाही, असं मला आता वाटतं. आपण बसलो आहोत त्या जागेवरून नेमकं काय दिसत नाही, हे ओळखून तेवढं मुद्दाम वाकून बघावं लागतं.

लेगो कंपनी स्वतःच्या इतिहासातली एक गोष्ट आवडीने सांगते. सुरुवातीच्या काळात ते लाकडी बदकं करायचे आणि प्रत्येक बदकाला वॉर्निशचे तीन हात द्यायचे. एकदा पोरसवदा गॉटफ्रेडने दोनच हात दिले, माल स्टेशनवर पोचवला, आणि घरी येऊन बापाला अभिमानाने सांगितलं की आज मी कंपनीचे पैसे वाचवले. बापाने त्याला उलट पावली स्टेशनवर धाडलं. बदकं परत आण, तिसरा हात दे, पुन्हा बांध आणि पोचव, आणि हे सगळं एकट्याने.

ही कंपनीने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे, तेव्हा तिच्यात जाहिरातीचा एक हात असणारच. दात मोजणाऱ्याने तेही मोजायला हवं. पण गोष्ट म्हणून ती मला सोडत नाही. दोन हात दिलेलं बदक दुकानात चकाकलंच असतं. कोणाला कळलं नसतं. कळलं असतं ते काही महिन्यांनी, पोराने चार पावसाळी दुपारी ओढत नेल्यावर, आणि तेव्हा घरच्यांनी पोरालाच रागे भरलं असतं की जपून खेळता येत नाही का. तिसरा हात न देण्याचा दोष शेवटी खेळणाऱ्याच्या माथी बसतो.

सांगलीच्या सरांनी स्वतःची चूक शोधली ती अशी. मी दोन हात दिले होते. त्यांना वाटलं, आपल्यालाच खेळता येत नाही.

इथवर मी असं बोलतोय जणू रिव्ह्यू फक्त बांधणारे वाचतात. तसं नाही. अजून एक वाचक असतो, आणि त्याच्यामुळे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तो सेट घेतो, पण उघडत नाही.

लेगोने २००८ साली ताजमहालचा सेट काढला. ५,९२२ भाग, किंमत तीनशे डॉलर. भागांच्या संख्येने तोवरचा सगळ्यात मोठा सेट. काही वर्षांनी त्याचं उत्पादन थांबलं. छंदातल्या भाषेत तो 'रिटायर' झाला. मग जुन्या बाजारात न उघडलेल्या खोक्याचा भाव चढत गेला आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. लोकांनी हे खोके सोन्यासारखे कपाटात ठेवले. हा निव्वळ वेडेपणा नव्हता. हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या रशियन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या दोन हजारांहून जास्त सेटांच्या किमती तपासल्या, तेव्हा जुन्या बाजारातला सरासरी परतावा दरसाल ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. आपली एफडी तेवढं देत नाही.

आणि मग २०१७ साली लेगोने तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला. ५,९२३ भाग, म्हणजे एक जास्त, किंमत ३७० डॉलर. कपाटातल्या खोक्यांचा भाव कोसळला. गुंतवणूकवाले चिडले, आमचा विश्वासघात झाला म्हणाले. दुसरीकडे ज्यांना कधीच परवडला नसता अशांनी तो पहिल्यांदा घेतला, फोडला आणि बांधला.

कोणाची बाजू घ्यावी? गुंतवणूकवाल्याला मी वाईट म्हणणार नाही. त्यानेही घामाचे पैसेच घातले होते. पण रिव्ह्यूशी त्याचं नातं बघा. त्याच्या खोक्यातला मजला डुगडुगतो की नाही याने त्याला काडीचा फरक पडत नाही. तो मजला त्याच्या हयातीत जोडलाच जाणार नाही. त्याला हवं असतं ते हे, की इतरांना तो सेट हवाहवासा वाटावा. दात मोजलेले त्याला नको असतात. गाय देखणी आहे एवढंच गावभर व्हावं, ही त्याची गरज. तेव्हा रिव्ह्यू लिहिणाऱ्याने कोणाच्या बाजूने लिहायचं, याचं उत्तर मला इथे मिळालं. जो खोका फोडणार आहे त्याच्या बाजूने. रिव्ह्यूतल्या खऱ्या-खोट्याची झळ फक्त त्यालाच लागते.

हे उत्तर सापडल्यावर लगेच माझा आणखी एक गुन्हा दिसला. लाइटहाउसच्या रिव्ह्यूचं शेवटचं वाक्य होतं: 'असे सेट लवकर रिटायर होतात, तेव्हा घ्यायचा असेल तर फार थांबू नका.' हे वाक्य आम्ही सगळेच लिहितो. तेही खरंच असतं, सेट रिटायर होतातच. पण ते वाक्य सेटबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त वाचणाऱ्याच्या पोटात खड्डा पाडतं. मजला अकराव्या परिच्छेदात हळू आवाजात, आणि 'थांबू नका' शेवटी, ठणठणीत.

त्या संध्याकाळी मी सरांना पहिलं उत्तर टाइप केलं ते असं: 'सर, तो मजला मुळातच नाजूक आहे, रिव्ह्यूत मी लिहिलं होतं.' पाठवण्याआधी एकदा वाचलं. स्क्रीनशॉट दाखवून हात झटकणारा तो माणूस मीच होतो. पुसून टाकलं. मग लिहिलं: 'सर, तुमचं काही चुकलेलं नाही. माझाही हलतो. मी हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहायला हवं होतं. चूक माझी आहे.'

दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखा वाटला. "अहो, म्हणजे माझं बरोबरच होतं. मी म्हटलं, वय झालं की काय हातांचं." ते पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतात. वय सत्तेचाळीस. दिवाळीच्या पैशांतून घेतलं होतं. घरी सांगितलं मुलासाठी आहे, मुलगा अकरावीत आहे आणि त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. मी त्यांना सर म्हणत होतो, ते मला सर म्हणत होते, आणि दोघांनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "सर, तुम्ही हँडल किती वेळा फिरवून बघितलंत?"

मी तीन वेळा फिरवलं होतं. व्हिडिओसाठी. तिसऱ्या वेळचं बरं आलं म्हणून थांबलो होतो.

"मी चाळीस वेळा तरी फिरवलं असेल," ते म्हणाले. "गंमत वाटते हो."

सोनाराने कान टोचावेत तसं झालं. ज्याने आयुष्यभर मुलांच्या ड्रॉइंगमधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या चुका काढल्या, त्याने मला एवढंच सांगितलं की वस्तू वापरून बघायची असते. मी सेट तपासला होता, वापरला नव्हता. आणि वापरला नव्हता कारण तो माझा नव्हताच. तो कामाचा ऐवज होता.

मी रिव्ह्यू बदलला. मजल्याचा परिच्छेद पहिल्या क्रमांकावर नेला, 'नाजूक' काढून 'दहा-बारा वेळा फिरवल्यावर सुटतो' असं लिहिलं, शेवटचं वाक्य उडवलं, आणि हे बदल का आणि कधी केले तेही लिहिलं. मग धास्तावून वाट बघत बसलो. सेट पाठवणाऱ्यांकडून काहीच आलं नाही. ना फोन, ना मेल. पुढच्या महिन्यात नेहमीसारखा नवा खोका आला. मला कोणी गप्प बसायला सांगितलंच नव्हतं. मागणी नसताना मी गप्प बसलो होतो. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त लागलं. दबावाला बळी पडलो असतो तर निदान कोणाकडे तरी बोट दाखवता आलं असतं.

काही दिवसांनी सरांनी एका कागदाचा फोटो पाठवला. पेन्सिलीने काढलेलं दिव्याच्या मजल्याचं ड्रॉइंग, समोरून आणि वरून, मापांसकट. फिरत्या चकतीखाली सहा बटणं लांबीच्या दोन पट्ट्या आडव्या टाकायच्या, म्हणजे वजन चारऐवजी बारा बटणांवर जातं. पट्ट्या त्यांनी मुलाच्या लहानपणीच्या ठोकळ्यांच्या डब्यातून काढल्या होत्या. मी तसं करून पाहिलं. मजला घट्ट बसला आणि तरी उचलता येत होता. त्यांना विचारून ते ड्रॉइंग मी रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच टाकलं. त्या रिव्ह्यूमधला सगळ्यात उपयोगी भाग तोच आहे, आणि तो मी लिहिलेला नाही.

फुकट सेट घेणं मी थांबवलेलं नाही. थांबवलं असतं तर लेखाचा शेवट जास्त शोभला असता, पण ते खरं झालं नसतं. आता लिहायच्या आधी एक करतो. तेवढेच पैसे माझ्या खिशात असते तर मी हा घेतला असता की दुसरा कुठला, हे कागदावर लिहून काढतो, आणि जे उत्तर येईल ते पहिल्या परिच्छेदात टाकतो. कधी कधी उत्तर 'काहीच घेतलं नसतं' असं येतं. तेही टाकतो.

परवा नवा खोका आलाय. पवनचक्की आहे. काल रात्री शेवटची पिशवी संपली. तिलाही हँडल आहे. मी आत्तापर्यंत सव्वीस वेळा फिरवलंय.